हद्द

हेल्वी कोस्किनेन नकाशा पसरते आमच्या पिकअपच्या बॉनेटवर,
चारी कोपऱ्यांवर दगड,
आणि पेन्सिलीने दाखवते : इथवरच.
पार टेक्सासपासून इंच इंच चालत आलेला हा निवडुंग
पीस नदीच्या या उन्हाळ उतरणीवर थांबतो.
पुढे नाही.
रेघ आमच्या कुंपणाच्या तारेवरूनच गेलेली.

वडील ऐकत नाहीत.
त्यांच्या गुडघ्यांत बुर्कोचं डोकं, हातात पक्कड,
कुत्र्याच्या पंजात रुतलेलं एक पेर :
अंगठ्याएवढं, बटाट्यासारखं गुबगुबीत,
जरा धक्का लागला की
आईला सोडून परक्याला धरणारं.
"फुलायचं नाव नाही मेल्याला," ते म्हणतात,
"नुसतं दुसऱ्यांच्या पायांनी हिंडतं."

आल्फोन्स कार्डिनल थर्मासचं झाकण फिरवत हसतो.
त्याच्या पणजोबांच्या तोंडी होतं म्हणे,
हे बायसनच्या झिपऱ्यांत बसून आलं.
बायसन गेले, गाई आल्या.
गाई विकल्या तर कुत्रा आहेच.
"वाहन बदलतं," तो म्हणतो, "बिऱ्हाड तेच."

मला उगीच पणजीची पेटी आठवली,
गॅलिशियातून आणलेली, कडी तुटकी.
बोलले नाही.

पेर निघालं. बुर्को एकदाच केकाटला.
आणि वडिलांनी पक्कड गरकन फिरवून
ते भिरकावलं
कुंपणापार, उत्तरेला.

हेल्वीने खिशातून खोडरबर काढलं,
पुन्हा खिशात घातलं.
"जगलं तर कळव."

ऑक्टोबरात ते सुरकुतलं.
अंगातलं पाणी सोडून, जांभळट होऊन
जमिनीसरसं पडून राहिलं,
भांडणानंतर भिंतीकडे तोंड करून कुणी पडावं तसं.
मग उणे बेचाळीस.
ट्रकचं इंजिन रात्रभर तारेला जोडलेलं,
नदीवर बर्फ तडकल्याचे आवाज,
आणि कितीतरी आठवडे
कुंपणाचे खांबसुद्धा अर्धेच.

एप्रिलमध्ये हातमोजा काढून मी बर्फ उकरला.
मनुक्यासारखं काहीतरी, मातीच्याच रंगाचं.
जिवंत की मेलेलं, बघून कळेना.
बोट लावलं.

काटा अजून नखाच्या कडेला आहे.
हेल्वीचं पत्र अजून लिहिलेलं नाही.
मेलेल्याचेही टोचतात, वडील म्हणतात,
जूनपर्यंत थांब.