पाठकोरा कागद

उल्हासदादा, तू म्हणालास वंशावळ पुरी कर,
दिवाळीत कराडला सगळे जमतील तेव्हा भिंतीवर लावू.
म्हणून चार महिने झाले, दर मंगळवारी
नवापुऱ्याहून रिक्षा करून कोठीवर जाते.
दप्तरखान्यात दुपारी पंखा आवाज करतो,
वारा करत नाही.

एकसष्टाव्या वर्षी मोडी शिकले.
त्यात आधी कागदभर रेघ ओढतात
आणि मग तिला अक्षरं टांगतात,
ओले कपडे दाटीनं वाळत घालावेत तशी,
एकाची बाही दुसऱ्याच्या खिशात.
शब्द कुठं संपतो ते लिहिणाऱ्या कारकुनालाच ठाऊक,
आणि तो तर, त्याच्याच भाषेत सांगायचं,
फौत.

सापडले बरं का आपले.
एका विटक्या रुमालात, पीलखान्याच्या हजेरीत:
सुभानजी इंगवले, दरमहा रुपये चार.
आबा सांगायचे ना, आपण बडोद्यात हत्तीवरून आलो?
हत्ती होता, हे खरं.
आपण वर नव्हतो.
आपण त्याला गवत घालत होतो.
रोज किती पेंढ्या, तेही लिहिलंय.

फोनवर हे ऐकून तू बराच वेळ गप्प.
मग म्हणालास, "पीलखान्याचे अधिकारी असं लिहूया."
लिही.
पण माझ्या अक्षरात नाही.

मधल्या पिढ्यांसाठी एकेकाला फोन लावले.
मी विचारते पणजोबांचं नाव,
शालनआत्या सांगते गुडघ्याचं.
मी विचारते साल,
मांजलपूरचा श्रीरंग सांगतो, घर विकलं,
दारचा आंबा त्यातच गेला,
घेणाऱ्यानं तो मोजलासुद्धा नाही.
हैदराबादच्या विजूचं मोडलं
(हे वाच आणि विसर).
सुरतेच्या धाकट्याला नोकरी लागली, पण रात्रपाळी.
आणि गोदूमामी, त्र्याण्णव वर्षांची,
आवाज अजून खणखणीत:
"तुझ्या आईला सांग, तिचं पितळी पातेलं माझ्याकडे राहिलंय."
आईला जाऊन अकरा वर्षं झाली.
मी म्हटलं, सांगते.

हे सगळं कुठं लिहायचं, दादा?
वंशवृक्षाला फांद्या असतात,
गुडघ्यासाठी चौकट नसते.
कागद पाठकोरा होता.
उलटा केला.

परवाच्या मंगळवारी हजेरीचं एक पान चिकटलं होतं,
हलक्या हातानं सोडवलं.
मागे त्याच कारकुनाचं अक्षर,
घाईतलं, रेघसुद्धा न ओढता:
सुभानजी दोन रोज गैरहजर,
लेकीस देवी आल्या सबब.
हत्ती दुसऱ्याचे हातचे खात नाही.
तिसरे रोजी हजर.
हत्तीने खाल्ले.

एवढंच.
लेकीचं पुढं काही नाही.
मी पुढची पानं पाहिली, मागची पाहिली,
दुसऱ्या सालाचा रुमाल सोडवून घेतला,
त्यात गवताचा भाव वाढला होता, ते होतं.
जशुभाई दाराशी किल्ल्या वाजवत उभा,
"बेन, पांच वागी गया."

पुढचा-मागचा विचार करून एक चौकट काढलीय,
सुभानजीच्या खाली, मुलग्यांच्या ओळीत.
नाव नाही, साल नाही.
छापणारा विचारेल, चूक आहे का.
नाही म्हण.
आणि भिंतीवर लावशील तेव्हा चारी कोपरे चिकटवू नकोस,
वरच्या दोन टाचण्या पुरेत.
उलटता आलं पाहिजे.

बाहेर आले तर ऊन उतरलेलं.
गाडीवर सेवउसळ घेतली, तिखट जास्त,
आणि तिथूनच, एका हातात वाटी,
मामीला फोन लावला.
म्हटलं, आईला सांगितलं.
ती म्हणाली, पातेलं राहू दे तुझ्याकडेच,
त्यात तुझी खीर लागत नाही.