केस

टेबलावर दोन लिफाफे. तिसरा कधी आलाच नाही.
डेल्फियानं एकावर मिठाची बरणी ठेवली,
दुसऱ्यावर काही नाही. तो पंख्यानं हलत होता.

हलणारा समुद्राकाठच्या कॉलेजचा.
इमारत अशी, की फोटोलासुद्धा नव्या रंगाचा वास यावा.
दोन वर्षं तिथं, आणि पुढची दोन
जिथं जागा मिळेल तिथं: सहा आठवडे एका राज्यात,
चार दुसऱ्यात, दर खेपेला नवी गादी,
पेट्रोल ज्याचं त्यानं घालायचं.

मिठाखालचा डोंगरापलीकडचा.
दोन वर्षं पुस्तकं, मग इस्पितळ आमचंच,
घरापासून बावीस मैल,
जिथं तळघरात मी चादरी धुते, एकोणीस वर्षं झाली.
कुठल्या मजल्यावर कोण कसं गेलं
ते मला चादर सांगते.

"मग ठरलंच की," शेजारची ऑर्फा म्हणाली.
"पण हे ऑस्टिओ म्हणजे हाडवैद्यच ना गं?
खरी डॉक्टर नाही व्हायचं तिला?"
डेल्फियानं शंभराव्यांदा सांगितलं:
तीच औषधं, तीच सुरी, तोच परवाना,
वर दोनशे तास नुसते हातांचे.
ऑर्फानं लगेच आपली कंबर पुढे केली.

व्हर्लिन खुर्चीतून बोलला. माझा नवरा.
नाकात नळी, चार शब्द झाले की थांबा.
"माझ्यासाठी म्हणून जवळचं... घेऊ नकोस.
मी काय चार वर्षं... पुरणार आहे?"
खाणीनं त्याच्या छातीत जे भरलं
त्याची केस अकरा वर्षं चालू आहे.
कंपनीचा वकील म्हणतो, सिगारेट.
त्यानं जन्मात एक ओढली, आमच्या लग्नात,
तीही माझ्या भावाकडून मागून.

माझं मला कळत नव्हतं.
पोरीच्या अंगाला ब्लीचचा वास लागू नये, असंही वाटे,
आणि दुपारी डबा खायला ती
जिना उतरून खाली यावी, असंही.

मग जे पत्रात नव्हतं ते मी सांगितलं.
बाळंतपणाचा मजला मार्चमध्ये बंद केला.
लहान चादरी आता येतच नाहीत.
ते शिकायला तुला अडीच तास लांब जावं लागेल,
तुझ्या त्या 'जवळ'ला एवढं एक भोक आहे.

"आणि बायका कुठं जातात?"
तिथंच. अडीच तास.
स्टॅम्परांची सून पोचली नाही, पेट्रोल पंपावर झाली,
पंपवाल्यानं स्वतःचं जाकीट दिलं.

ती गप्प. बरणीचं झाकण उघडलं, लावलं, उघडलं.
मग म्हणाली, आई, टेलिफोन डिरेक्टरी आहे का अजून?

कॉलेज बघायला गेलो तेव्हा मास्तरांनी दाखवलं होतं:
पानाखाली एक केस ठेवायचा,
डोळे मिटून बोटानं हुडकायचा,
मग दोन पानांखालून, मग तीन.
असंच पुढे पाठीतली गाठ सापडते म्हणे.

आमच्या काउंटीची डिरेक्टरी एकेकाळी
पावाएवढी जाड होती. आता चर्चमधल्या
कार्यक्रमपत्रिकेसारखी. माणसं गेली, फोन गेले.
व्हर्लिनच्या डोक्यावर मागायला काही उरलं नव्हतं,
म्हणून केस माझा. पांढरा.

चौथ्या पानापर्यंत हसत खेळत.
सातव्याला तिनं श्वास रोखला.
नवव्याला सापडला. दहाव्याला चुकली,
परत, परत चुकली,
पंख्यानं तो दुसरा लिफाफा चुलीमागे उडवला
आणि मंगळवारी झाडताना मलाच मिळाला.

अकराव्यांदा तिचं बोट थांबलं.
व्हर्लिननं मान पुढे काढली.
"कुणाच्या नावावर... आलंय बघ."
डोळे न उघडता ती म्हणाली,
नाव नाही कळत, बाबा.
कुणीतरी आहे खाली.