विषय क्रमांक एकतीस

बावीस वर्षं मी सभा लिहिते.
कोण काय बोललं, तेवढंच.
का बोललं, त्याला रकाना नाही.

आज एकतिसावा विषय:
खसरा नंबर अठ्ठावन्न, आराजी दोन हेक्टर दहा आर,
रिंग रोडच्या पलीकडे, नाल्याला लागून,
सार्वजनिक उद्यानाकरिता खरेदी करणे.
बाहेर पंचेचाळीस. आत कूलरची खस खडखडीत,
पाणी टाकणाऱ्या शिपायाची बदली झाल्यापासून.

आधी परातेबाई उठल्या.
म्हणाल्या, आमच्याकडच्या बाया पहाटे पाचला
सिमेंट रोडवर फिरतात, ट्रकांच्या बाजूनं,
एका हातात काठी, कुत्र्यांसाठी.
रात्री अकराला त्या रोडवर चप्पल काढून उभे राहा,
मग बोला खर्चाचं.
मी लिहिलं:
सन्माननीय सदस्यांनी उद्यानाची आवश्यकता विशद केली.

हरचंदानी म्हणाले, बारा कोटींत
अख्ख्या प्रभागाची गटारलाईन होते.
बगिच्यात बसणार कोण? पोरंपोरी अन् पत्तेवाले.
मी लिहिलं: हशा.

बोरकुटे म्हणाले, दर पावसाळ्यात बुडते ती जमीन,
बुडणाऱ्या जमिनीला हा भाव?
मग खाली बसता बसता म्हणाले,
भाव उतरवला तर आपली ना नाही.
त्यांच्या साळ्याचा लेआउट नाल्याच्या त्या काठाला आहे
हे सभागृहात सगळ्यांना माहीत होतं
आणि कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मालक गॅलरीत. तुळशीराम धांडे.
खिशात चष्म्याचं घर, मांडीवर फायलींची पिशवी.
गॅलरीनं बोलायचं नसतं. तो बोलला.
"चारशे झाडं होती जी संत्र्याची.
डिंक्या लागला, खोडं रडत रडत गेली.
आता तुम्ही म्हणता झाडं लावू. लावा बाप्पा.
पण मले नगदी पाहिजे, टीडीआर नाही.
तीन पोरी हायेत, तिघींचे वकील तीन,
कागद फाडून कोणाले किती देऊ?"
पीठासनावरून घंटी वाजली.

गॅलरी इतिवृत्तात येत नाही.
तरी वहीच्या कडेला मी लिहायला गेले: डिंक्या.
शॉर्टहँडमध्ये त्याची खूण नाही.
अक्षर अक्षर सुटं करून लिहावं लागलं.

आता माझं.
त्या जमिनीपासून दोन गल्ल्या सोडून
बाराशे फुटांचा प्लॉट आहे, नवऱ्याच्या नावावर,
अजून नियमित न झालेला.
बगिचा आला तर फुटामागे हजार रुपये वर जाईल.
परातेबाई बोलत होत्या तेव्हा
बाक वाजवावा असं फार वाटलं मला.
गुडघे माझेही दुखतात, सिमेंटवर मीही चालते,
पण आधी काय आठवलं, गुडघे की हजार,
ते विचारायला पेन थांबलं नाही
आणि मीही थांबवलं नाही.

साडेचारला ठरलं:
मूल्यांकन फेर सादर करावे. विषय तहकूब.
खाली गेटाजवळच्या कडुनिंबाखाली
गाडी कोणाची लागणार यावरून
दोन ड्रायव्हर एकमेकांची आई काढत होते.

घरी जाताना स्कूटी वळवली तिकडे.
बावीस वर्षांत लिहिलेली एकही जागा
मी पाहायला गेले नव्हते.
बाभळी. प्लास्टिक. चरणाऱ्या दोन म्हशी.
संत्र्याचं एक खुंट, त्याला लाल चिंधी,
मोजणीवाल्यांनी बांधलेली
की कोणी नवस म्हणून, कळेना.
धांडे माझ्या आधी पोचलेला.
मला ओळखलं नाही त्यानं,
सभा लिहिणारीकडे कोण बघतं.
म्हणाला, "प्लॉट पाहाले आल्या का?"

हो म्हणणार होते. नाही म्हणणार होते.
तेवढ्यात मागून एक पोरगा, घामानं चिंब,
फळकूट बॅटीसारखं खांद्यावर,
"काकू, गाडी हटवा नं,
पिचवर उभी केली तुम्ही."