माप

खानवलकर ठेकेदार येतात
ते दुकान बंद व्हायच्या वेळी.
शटर अर्धं ओढून घे म्हणतात
आणि कापायच्या टेबलावर, माझ्या कात्रीशेजारी,
रुमालातून तिन्ही बाहेर काढून मांडतात.

"वामन, ह्यातली किती फिरवावीत?"

मी शिंपी. दौलतगंजात वडिलांपासूनचं दुकान.
लोक विचारतात, खिसा किती खोल, अस्तर कुठलं,
बाहेरून फुगवटा दिसेल का.
हे कुणी विचारलं नव्हतं.

पहिलं कानपूरचं रिव्हॉल्व्हर, बत्तीस बोअर,
मधेच पोट सुटलेलं, माझ्यासारखं.
जानेवारीत काही प्रश्न नाही.
आमच्या ग्वाल्हेरच्या थंडीत
माणूस कोटाखाली तोफ घेऊन बाड्यावर फिरला
तरी लोक म्हणतील, दोन स्वेटर घातलेत.

दुसरं चपटं पिस्तूल, लग्नाकार्याला.
बंदगळ्याच्या आत बसतं
लग्नपत्रिकेसारखं.
मे महिन्यात, शेहेचाळीस अंशांत, मलमलीखाली
तेवढं एकच झाकलं जातं.

तिसरं सासऱ्यांचं. विलायती, जड.
मुठीवर त्यांच्या अंगठ्यानं झिजून पडलेली वाटी.
ते फक्त वाटणीच्या बैठकीला.

"कायदा आता दोनच म्हणतो.
एक जमा करा, कागद आलाय कलेक्टरचा.
म्हणून विचारतोय."

मी गळ्यातला टेप काढला.
एकेक कमरेला लावायला सांगितलं, तीनदा माप घेतलं.
साडेअडतीस.
सव्वासदतीस.
चाळीसला एक सूत कमी.
जड असलं की उजवा खांदा उतरतो,
चपटं असलं की साहेब सरळ उभे राहतात, थोडे नवरदेवासारखे,
रिव्हॉल्व्हरला हात सारखा कोपरातून बाहेर.
तीन गिऱ्हाइकं उभी होती माझ्यासमोर
आणि शिलाई देणारा एकच.

म्हटलं, साहेब, कात्र्या माझ्याकडे चार आहेत.
पण लाइट गेली की हात एकीलाच ओळखतो.
बाकीच्या तीन आहेत म्हणून आहेत.
एकच ठेवा.

ते बराच वेळ बोलले नाहीत.
खडूचा तुकडा उचलून बोटांत फिरवत राहिले,
टेबलावर पांढरं सांडत होतं.

"मागल्या महिन्यात बिलौआच्या क्रशरवर
रात्री दीडला फाटक वाजलं.
मी काढलं.
अंगठा खटका शोधायला लागला.
खटका पिस्तुलाला असतो, वामन,
त्या दिवशी कमरेला रिव्हॉल्व्हर होतं.
अंगठा गुळगुळीत लोखंडावरून नुसता घसरतोय, घसरतोय,
तेवढ्यात पोरगं उजेडात आलं.
चौकीदाराचं. बापाचा डबा घेऊन.
आठ वर्षांचं असेल.
एकच असतं तर हाताला सगळं पाठ असतं."

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
चालू होत नव्हती.
माझं एकच ठेवा
त्या खडूच्या भुकटीत पडून राहिलं.

"मग? दोन? का तिन्ही जमा करू?
तिन्ही केली तर बिलौआत पुढच्या आठवड्यात
मला कोण विचारतंय."

मला उत्तर येत नव्हतं. मी पावती फाडली.
सफारी दोन, आतला खिसा, कापड गिऱ्हाइकाचं.

त्या रात्री मशीनवर बसलो.
खिसा शिवला, दुहेरी अस्तराचा, उजव्या हाताला सोपा,
जसा बेचाळीस वर्षं शिवत आलो.
मग त्याच्या तोंडाला एक बटण लावलं.
कुणी सांगितलं नव्हतं.
काज मुद्दाम दोन दोरे लहान ठेवलं,
काढताना नख लावावं लागेल,
खाली बघावं लागेल,
एक श्वास जाईल.

पंधरा दिवसांनी आले. शिलाईचे पैसे पूर्ण दिले,
हे नवीनच.
जमा कुठलं केलं, मी विचारलं नाही,
पुढच्या मापाला कळेलच.

जाताना म्हणाले, "बटण फार घट्ट आहे रे."
म्हटलं, दोन धुण्यांत सैल होईल.

टेरीकॉट आहे.
धुतल्यानं काय व्हायचंय त्याला.