सावलीपाशी

अटाकामात, दुपारी तीनच्या सुमारास
गाडी एका सावलीपाशी अडली.
खड्डा समजली.
येर्को म्हणाला, अडू दे.
हात लावायचा नाही, हा नियम.
मंगळावर कोण येणार ढकलायला?

लामांचा कळप घेऊन आलेली एदुविना
तिथंच टेकली, कोकाची पानं चघळत.
"आमचं खेचर असंच करायचं," म्हणाली.
"बापानं एकदा चाबूक ओढला,
मग स्वतःच उतरून पुढे गेला.
ती सावली नव्हती."

येर्को हसला नाही.
सकाळीच, भुसभुशीत वाळूत,
चाकं सांगत होती बारा मीटर
आणि डोळे, चार.
गाडीनं डोळ्यांचं ऐकलं,
मागे राहिलेले दगड पुन्हा ताडून पाहिले,
आपण फारसे कुठे गेलोच नाही
हे निमूट लिहून ठेवलं.
(अन्तोफागास्ता सोडल्यापासून नऊ वर्षं
तो नुसती चाकंच मोजत आला होता.)

ऊन कललं. सावली सरकली.
खड्ड्याच्या जागी वाळू, आणि एक वाळकं काटेरी झुडूप.
गाडीनं मान उंचावली,
वीतभर डावीकडे वळली
आणि निघाली, कुणालाही न विचारता.

एदुविनानं कळपाला हाक घातली.
लामा जागच्या हलल्या नाहीत.