हळद्या

सुपडू तायडेच्या टेम्पोमागे लिहिलंय : हळद्या.
खाली पिवळं पाखरू, चोच काळी.
लाल हवी होती, म्हटलं.
"लाल रंग सरेल व्हता."

पाखराचं नावही उसनंच,
हळदीकडून आणलेलं.
फाल्गुनात निंबावर येतं,
एक ओली शीळ घालतं
आणि दिसत नाही.

पण टेम्पोचं नाव त्याच्यावरून नाहीच.
पोरगं जन्मलं ते कावीळ घेऊन;
जळगावात निळ्या दिव्याखाली सहा दिवस,
डोळ्यांवर पट्टी.
सुपडू काचेबाहेरून हाका मारायचा,
हळद्या, ए हळद्या.
पेंटरला हे कुठलं ठाऊक?

आता तो सात वर्षांचा.
काल सावद्याला केळी भरताना
आईच्या नेलपॉलिशनं त्यानं
चोच लाल केली.
थोडं डोळ्यातही गेलं.