सही बाकी

हेडाऊकाकांची तार अजून खिळ्याला आहे.
अठरा वर्षं पावत्या तिच्यात आरपार ओवल्या,
खालच्या पिवळ्या, वरच्या गुलाबी.
कुठली कुठे ते काका बोटांनी सांगायचे,
डोळे मिटून,
मध्येच तंबाखू मळत.

मग मे महिन्यात प्रज्वल पराते आला.
वाडीत तेव्हा सेहेचाळीस, कूलरमधून नुसती वाफ.
"मॅडम, आता सगळं क्लाउडमध्ये."
काका ओट्यावर गेले,
कपाळाशी तळहात धरून वर बघत राहिले.
"कुठं हाय बापा? मले तं एकही दिसून नाही राह्यला."

जोडणी सोपी आहे, प्रज्वल म्हणाला.
ड्रायव्हरनं ग्रुपवर फोटो टाकायचा,
फोटो आपला आपण फोल्डरमध्ये जाऊन बसतो,
गाडी नंबर, तारीख, पार्टीचं नाव लावून.
रायपूरवाले तिथून उघडतील,
झाडेसाहेब लग्नाच्या पंगतीत उघडतील,
एका हातात पुरी.

खोटं कशाला बोलू, चाललं.
पहिल्या आठवड्यात तीन फोन कमी आले,
दुसऱ्यात तीस.
"ताई, पावती पाठवा ना" हे वाक्य
ऑफिसातून निघून गेलं,
भांडण न करता जाणाऱ्या भाडेकरूसारखं.
त्याच्या मागोमाग लोक विचारायचे,
पोरगी कितवीत गेली,
तुमच्याकडे नळ रोज येतो का दिवसाआड.
तेही त्याच्याच सामानात गेलं.

गुरुवारी उईकेची गाडी सिवनीहून परतत होती,
पंख्यांचे खोके उतरवून, रिकामी.
रामटेकच्या वळणावर रेंज जाते.
तिथं कितीतरी वेळ एकच टिक,
निरोप डोंगराशी अडून ढगाची वाट बघत.
चार वाजता दुसरी टिक आली,
आणि फोल्डरमध्ये नवी फाइल:
उईके, एमएच चाळीस, डिलिव्हरी पूर्ण.

मी उघडली.
हिरव्या सरकारी चादरीत
मुठी आवळलेलं, डोळे घट्ट मिटलेलं,
सगळ्या जगावर चिडलेलं काहीतरी.

यंत्रानं लगेच विचारलं होतं,
सगळ्यांनाच विचारतं तसं:
नग किती?
उईकेनं लिहिलं, एक.
वजन?
दोन किलो सातशे.
माल सुस्थितीत?
इथं तो थांबला असावा. सात मिनिटांचं अंतर आहे.
मग, हो जी. माय पण.
घेणाऱ्याची सही जोडा.

सही कुठून आणणार.
म्हणून नावापुढे लाल खूण,
आणि दर दोन तासांनी आठवण
त्याला, मला, साहेबांना, रायपूरला:
सही बाकी.
रात्री सव्वाअकराला रायपूरच्या साहूबाईंनी,
ज्यांना मी जन्मात पाहिलेलं नाही,
त्या लाल खुणेखाली विचारलं, मुलगा की मुलगी?
मुलगी, मी लिहिलं.
मग त्यांनी विचारलं,
नागपुरात तुमच्याकडे पाणी येतं का रोज?

प्रज्वल म्हणाला, चुकीची फाइल आहे, काढतो.
फोल्डरला शिस्त पाहिजे.
बरोबरच आहे त्याचं.
मी म्हटलं, राहू दे सोमवारपर्यंत.

सोमवारी उईके आला.
कागदातले पेढे उन्हानं एकमेकांना चिकटलेले,
सुरीनं सोडवावे लागले.
काकांनी फोटोची प्रिंट मागितली,
चष्मा वर करून बघितली, उलटी केली, सुलटी केली,
आणि हात सवयीनं तारेकडे गेला.

टोकाशी थांबला.

"हिले नाही टोचत," ते म्हणाले,
जणू आम्ही कोणी टोचा म्हणालो होतो.
टेबलाची काच उचलली,
जुन्या कॅलेंडरशेजारी तिला सरकवलं,
आणि काचेवरून एकदा शर्टाची बाही फिरवली.

खिशातला मोबाइल थरथरला.
सगळ्यांचाच थरथरला.
बाहेर आभाळ तसंच, कोरं.
सही बाकी.